हजेरीच्या बाबतीत सावळीरामचे सहकार्य

रविवार, ३१ डिसेंबर १९७८. हातात दिवस: सहा.

"हजेरी हा विषय तुम्ही दोघींनी माझ्यावर सोडायचा," सावळीराम शेजवळ म्हणाला. "भूमिती मला कळत नाही. इंग्रजीच्या वाटेला मी जात नाही. पण हजेरीतलं मला कोणी शिकवू नये."

हे बोलताना तो फडताळाकडे बघत होता. फडताळात स्टीलची बारा भांडी ओळीने उभी होती. सावळीराम ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर. वर्षभरात एकही खाडा न करणाऱ्या कामगाराला तिथे दर वर्षी एक भांडे मिळायचे, आणि सावळीरामने बारा वर्षांत बारा भांडी आणली होती. आई वारली तेव्हा रविवार होता. मुलगी झाली ती तर कारखान्यात लागण्याआधीच. एकंदरीत नशीबही त्याला सांभाळून घेत आले होते.

"माझं मी बघते, नाना," यशोधरा म्हणाली. "गणित सोपं आहे."

गणित खरेच सोपे होते. जूनपासून जानेवारीअखेर शाळेचे एकशेसाठ दिवस. दहावीच्या परीक्षेला बसायचे तर पंचाहत्तर टक्के, म्हणजे एकशेवीस दिवस हजर पाहिजे. चाळीस दिवस बुडाले तरी चालतात. पावसाळ्यात यशोधराला टायफॉईड झाला, त्यात चौतीस गेले. राहिले सहा. वर्गशिक्षक गायधनी सरांनी सांगितले होते, सहा दिवस पुष्कळ झाले, काळजीचे कारण नाही. यशोधराने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ६ लिहून ठेवले होते आणि ती अभ्यासाला लागली होती. तिच्याबरोबर पहिलीत गेलेल्या कॉलनीतल्या पाच मुलींपैकी दहावीपर्यंत पोचलेली ती एकटी. दोघींची लग्ने झाली होती, दोघी घरीच होत्या.

"सहा दिवस हातात आहेत म्हणून गाफील राहायचं नाही," सावळीराम म्हणाला. "कारखान्यात असं चालत नाही."

"शाळा आहे ती," त्याची बायको लताबाई म्हणाली.

"तेच तर दुखणं आहे," सावळीराम म्हणाला, आणि जाड पुठ्ठा, पट्टी आणि लाल पेन घेऊन बसला.

सोमवार. मुलगी: हजर. बाप: कारखान्यात हजर. हातात: सहा.

पुठ्ठ्याचे कार्ड झाले होते. हुबेहूब कारखान्यातल्यासारखे. आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सही. सोबत पत्र. पत्र लिहायचे म्हणजे कसे लिहायचे हे सावळीरामला कारखान्यातल्या नोटीस बोर्डावरून ठाऊक होते. दुसऱ्या कुठल्या प्रकारचे पत्र त्याने आयुष्यात वाचलेच नव्हते.

प्रति, वर्गशिक्षक, दहावी ब.
विषय: कु. यशोधरा शेजवळ हिच्या हजेरीवर देखरेख.
सोबत कार्ड जोडले आहे. सदर मुलगी आपल्या ताब्यात आल्याची व आपल्या ताब्यातून सुटल्याची वेळ आपण रोज सहीनिशी नोंदवावी. एखाद्या दिवशी सही नसल्यास त्याच दिवशी लेखी खुलासा करावा. मधल्या सुट्टीची सही वेगळी लागेल.
कळावे. सा. भि. शेजवळ.

यशोधराने हे पत्र हजेरी झाल्यावर दिले, एवढे तिचे शहाणपण. गायधनी सरांनी ते मधल्या सुट्टीत वाचले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे एकदाच खुलासा मागितला गेला होता, तोही शिक्षणाधिकाऱ्यांकडून, आणि त्यानंतर दोन महिने त्यांना पित्ताचा त्रास झाला होता. आता एका फिटरने मागितला होता, आणि मधल्या सुट्टीचाही मागितला होता. ते पत्र दोन बोटांत धरून मुख्याध्यापक आहेर सरांच्या खोलीत गेले.

आहेर सरांनी यशोधराला बोलावले. ते आवाज चढवत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवत, ते पुरे होई.

"उद्या वडिलांना घेऊन यायचं. ते येईपर्यंत वर्गात बसायचं नाही."

मंगळवार. मुलगी: व्हरांड्यात. बाप: हजर. हातात: पाच.

"मला बोलावलंय? मला?" सावळीराम आदल्या संध्याकाळी म्हणाला होता. त्याला आधी आनंदच झाला. पत्राची दखल घेतली गेली होती. मग त्याने विचारले, "कधी?"

"उद्या. शाळेच्या वेळात."

"शाळेच्या वेळात मी कामावर असतो."

"एक दिवस रजा काढा," लताबाई म्हणाली.

सावळीरामने फडताळाकडे पाहिले नाही, पण पाहिल्यासारखेच झाले.

"हजेरीचं महत्त्व पटवायला मी खाडा करू?" तो म्हणाला. "मुलीपुढे कसला आदर्श राहील?"

म्हणून मंगळवारी यशोधरा एकटी गेली, व्हरांड्यात खिडकीखाली उभी राहिली, आणि तिथूनच इतिहासाचा एक अख्खा धडा ऐकून आली. कान वर्गात होते. पण हजेरीपटाला कान चालत नाहीत. तिने घरी येऊन कॅलेंडरवरचे ६ खोडले आणि ५ लिहिले.

सावळीरामने दुसरे पत्र लिहिले.

बुधवार. मुलगी: व्हरांड्यात. बाप: हजर. हातात: चार.

दुसरे पत्र छोटे होते.

आपले बोलावणे पोचले. परंतु मी खाडा करत नाही. तरी मुख्याध्यापकांनीच सायंकाळी सव्वापाच वाजता गंगापूर रोडच्या थांब्यावर यावे. कारखान्याची बस तेथे दोन मिनिटे थांबते. मी दारात उभा राहीन.

या पत्रावर आहेर सरांनी काय शेरा मारला तो यशोधराने घरी सांगितला नाही. एवढेच सांगितले की ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

"नाना, आता पत्र नको," ती म्हणाली. "पत्रामागे एक दिवस जातोय."

"त्यांना लेखी व्यवहाराची सवय नाही," सावळीराम म्हणाला.

लताबाईने मात्र सकाळीच हालचाल केली होती. तिचा भाऊ झुंबर देवळ्याला कांदा करायचा. देवळ्याच्या एस.टी.चा एक कंडक्टर तिच्या माहेरच्या गल्लीतला. सकाळच्या गाडीने तिने त्याच्याबरोबर निरोप धाडला, की उद्या येऊन शाळेत जा, मुलीचा मामा म्हणून उभा राहा, आणि तुझ्या दाजींनी काय लिहिलंय ते विचारलं तर आपल्याला वाचता येत नाही म्हण.

गुरुवार. मुलगी: शाळेत, पण मोजली नाही. बाप: हजर. हातात: तीन.

संध्याकाळी सावळीराम बसमधून उतरून घरी आला तेव्हा झुंबरमामा पाटावर बसून चहा पीत होता. दारात कांद्याची गोणी होती.

"जय भीम, दाजी. झालं तुमचं काम. हेडमास्तर लय चांगला मानूस हाय."

"काय म्हणाले? माझ्या कार्डाचं काय म्हणाले?"

"कार्डाचं नाय काढलं त्याने. मी आत गेलो, नमस्कार घातला, म्हटलं मी पोरीचा मामा, देवळ्याहून आलो. तर तो एकदम उठूनच उभा राहिला. आपल्याच बोलीत म्हने, कांदा कसा शे औंदा? मी म्हटलं, बरा शे, पन पानी कमी शे. त्याचं गाव आपल्यापासून तीन कोस, दाजी. त्याच्या भावाची विहीर मी पाह्यलीय."

"मग?"

"मग काय. विहिरीवरनं रोपावर, रोपावरनं पाटाच्या पान्यावर. तासभर बसलो. चहा झाला. त्याने पिशवीत चार आंबट बोरं दिली भाचीसाठी."

"आणि यशोधरा?"

"मी दाराबाहेर उभी होते," यशोधरा म्हणाली. "आहेर सर बाहेर आले, म्हणाले, अरे तू अजून इथेच? जा वर्गात. मी गेले. तोवर हजेरी होऊन अर्धा तास झाला होता."

"म्हणजे तू शाळेत होतीस, हेडमास्तरांच्या डोळ्यांपुढे होतीस, आणि तरी गैरहजर?" सावळीरामचा आवाज चिरकला. "हा कसला कारभार?"

"आजचं सोडा," झुंबरमामा म्हणाला. "उद्यापासनं पोरगी वर्गात. मी शब्द देऊन आलोय. त्याने तुमच्याविषयी इचारलं, तेव्हा म्हटलं, दाजी मानूस सोन्यासारखा हाय, फकस्त त्याला हजेरीचा आजार हाय. तो म्हने, माझ्या ध्यानात आलं."

सावळीरामने बोरे खाल्ली नाहीत.

शुक्रवार: हजर. शनिवार: हजर. हातात: तीनच.

इथे खरे तर गोष्ट संपायला हवी होती. मुलगी शाळेत जात होती, गायधनी सर कार्डाचे नाव काढत नव्हते, आहेर सर तिला पाहिले की पाटाच्या पाण्याची चौकशी करत होते. तीन दिवस हातात होते आणि जानेवारीचे वीसेक दिवस पुढे होते. तिने फक्त जायचे आणि यायचे. दुसऱ्या कुठल्याही घरात गोष्ट इथेच संपली असती.

पण शुक्रवारी कारखान्यात सावळीरामच्या खात्यातले एक लेथ मशीन उघडले गेले. मशीन चांगले चालत होते. ते बिघडले नव्हते म्हणूनच उघडले होते. बिघडण्याआधी उघडायचे, पुसायचे, तेल द्यायचे, मग ते बिघडत नाही, ही कारखान्याची रीत. सावळीराम हात पुसत त्या मशीनकडे पाहत उभा राहिला, आणि त्याला आपल्या मुलीची आठवण झाली.

तिचे चौतीस दिवस कशाने गेले? टायफॉईडने. टायफॉईड पुन्हा आला तर? तीन दिवस त्याला न्याहारीलाही पुरणार नाहीत.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. संध्याकाळी तो तिला नगरपालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"टोचून घ्यायचंय," तो कंपाउंडरला म्हणाला. "टायफॉईडची लस."

"हिला टायफॉईड होऊन गेलाय ना?"

"म्हणूनच."

"नाना, मला काही झालेलं नाही," यशोधरा म्हणाली.

"झाल्यावर कोण टोचतं? आधीच टोचायचं असतं."

कंपाउंडरने सुई उकळत्या पाण्यातून काढली. "एक-दोन दिवस ताप येईल बरं का. हात सुजेल. घाबरायचं नाही."

"ते मी धरलंय," सावळीराम म्हणाला. "आज शनिवार. उद्या रविवार. ताप उद्या येऊन जाईल. हजेरीला धक्का नाही."

कंपाउंडरने त्याच्याकडे आदराने पाहिले. तापाचे वेळापत्रक लावणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

सोमवार. मुलगी: अंथरुणात. बाप: हजर. हातात: दोन.

ताप रविवारी आला, ठरल्याप्रमाणे. सोमवारी गेला नाही.

मंगळवार. मुलगी: अंथरुणात. बाप: हजर. हातात: एक.

ताप उतरला, पण उजवा दंड पावासारखा फुगला होता. यशोधरा डाव्या हाताने कॅलेंडरवर १ लिहायला उठली. तो एक इतका वेडावाकडा आला की लताबाईने तो बघून तोंड फिरवले.

"माझी आई लहानपणी मला मारायची," लताबाई नवऱ्याला म्हणाली, "पण तिने माझं एवढं नुकसान कधी केलं नाही."

"मी तिच्या भल्यासाठी—"

"तुम्ही आता तिच्या भल्यासाठी काही करू नका. एकच दिवस उरलाय."

सावळीराम पडवीत जाऊन बसला. यशोधरा त्याच्या मागे आली. तिचा हात फडक्यात गळ्यात बांधलेला होता.

"नाना, मी उद्या जाणार. परवा जाणार. रोज जाणार. तुम्ही फक्त कामावर जा."

"रस्त्यात काही झालं तर?"

"काय होणार आहे? मी सहा वर्षं त्याच रस्त्याने जातेय."

"सहा वर्षं तुझ्या हातात दिवस होते," सावळीराम म्हणाला. "आता एक आहे."

ते खरे होते. ती पहिल्यांदाच थोडी घाबरलेली दिसली. आणि तिला घाबरलेली पाहून सावळीरामने मनाशी एक निर्णय घेतला. असला निर्णय त्याने बारा वर्षांत घेतला नव्हता.

बुधवार. मुलगी: हजर. बाप: हजर, पण अर्ज करून.

"शेजवळ, रजा?" खात्याचा फोरमन अर्ज उलटसुलट करत म्हणाला. "कोण वारलं?"

"कोणी नाही. मुलीला शाळेत पोचवायचंय."

"केवढी आहे मुलगी?"

"सोळा."

फोरमनने सही केली. शेजारच्या बाकावरचा निवृत्ती जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन बसला. "सावळ्या, तेरावं भांडं गेलं म्हणायचं," तो हळूच म्हणाला, आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

गुरुवार, ११ जानेवारी. बाप: गैरहजर. मुलगी: सांगतो.

सावळीरामने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो सायकल हातात धरून यशोधराच्या दोन पावले मागे चालत शाळेपर्यंत गेला. वाटेत त्याने दोन बैलगाड्या, एक टांगा आणि एक कुत्रे बाजूला केले. साडेदहाला ते फाटकाशी होते. हजेरी अकराला. अर्धा तास हातात. सावळीरामला बरे वाटले.

इथून तो परत फिरला असता तर. पण फाटकाशी आहेर सर उभे होते.

"तुम्हीच शेजवळ का?" सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले, पण रागाने नव्हे. "आलात म्हणायचं एकदाचे. रजा काढून?"

"हो सर. बारा वर्षांतली पहिली."

आहेर सर हेलावले. पालकांनी शाळेत यावे, मुलांच्या हजेरीत लक्ष घालावे, असे परिपत्रक ते दर जूनमध्ये काढत. नऊ वर्षांत त्या परिपत्रकाने एकही पालक आला नव्हता. आले ते भांडायला.

"गायधनी," त्यांनी हाक मारली, "हे शेजवळ. यांना पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या. पाहू दे वर्ग कसा चालतो ते. मुलांनाही कळू दे, पालक असा असावा."

यशोधराने डोळे मिटून घेतले.

मागच्या बाकावर सावळीरामचे गुडघे मावेनात. तो तिरका बसला. साठ मुलांनी वळून पाहिले. गायधनी सर आत आले, त्यांनी टेबल पाहिले, खडू नव्हता.

"यशोधरा, ऑफिसातून खडूची पेटी आण."

ती गेली. सरांनी हजेरीपट उघडला.

"एक."

"हजर सर."

"दोन."

"हजर सर."

सावळीरामला ते ऐकून फार बरे वाटत होते. कारखान्यातही सकाळी असेच नंबर पुकारत. नंबर यायचा, उत्तर जायचे, नंबर यायचा, उत्तर जायचे. सगळे नीट बसवलेल्या दातेरी चाकांसारखे. अठ्ठावीस. हजर सर. एकोणतीस. हजर सर. तीस. हजर सर.

"एकतीस."

उत्तर आले नाही.

एकतीस यशोधरा. ती खडू आणायला गेली होती. सरांना ते ठाऊक होते, त्यांनीच तिला पाठवले होते. ते नंबर केवळ क्रमाने पुकारून हजर लिहिणार होते. पेन कागदाला लागलेसुद्धा होते. पण मध्ये एका श्वासाएवढी शांतता झाली. नंबर पुकारला आणि उत्तर आले नाही, अशी शांतता सावळीरामने बारा वर्षांत ऐकली नव्हती. ती त्याच्याने सहन झाली नाही. त्याच्या मनाने काही ठरवण्याआधी त्याचे पाय ताठ झाले, बाक कर्रकन मागे सरला, आणि लेथच्या आवाजावरून पलीकडच्या खात्यात पोचणाऱ्या आवाजात तो म्हणाला,

"हजर सर."

सगळे बाक एकदम हसले. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसता हसता खाली वाकली ती वर आलीच नाही.

गायधनी सर हसले नाहीत. ते म्हणाले, "शेजवळ, बसा. चुकून झालं. पुढे. बत्तीस."

"सर," मधल्या रांगेतून एक मुलगा उठला. त्याचे नाव भिका. "मागच्या आठवड्यात मी शेजारच्याची हजेरी दिली, तेव्हा त्याची त्या दिवसाची कापली होती."

"तो वेगळा प्रकार होता."

"कसा काय सर? दुसऱ्याने दिली की ज्याची दिली त्याची कापायची. तुम्हीच म्हणालात. नियम सगळ्यांना सारखा."

"हो सर," तीन-चार आवाज आले. आता कोणी हसत नव्हते.

गायधनी सरांनी पेन खाली ठेवले. ते कडक होते, पण खोटे नव्हते. साठ मुले त्यांच्याकडे पाहत होती आणि भिकाचे म्हणणे बरोबर होते. त्यांनी बऱ्याच वेळाने पेन उचलले. मागच्या बाकावरूनसुद्धा कळेल इतक्या जोरात एकतीससमोर गैरहजेरीची रेघ ओढली गेली.

दारात यशोधरा उभी होती. तिच्या हातात खडूची पेटी होती. कोणाला काही विचारायची तिला गरज पडली नाही. तिने फक्त वडिलांकडे पाहिले आणि पेटी टेबलावर ठेवली.

हातात: शून्य.

त्याच दिवशी, मुख्याध्यापकांची खोली.

"एकतीस जानेवारीपर्यंत शाळेचे सोळा दिवस आहेत," आहेर सर म्हणाले. चष्मा टेबलावर होता. "सोळाच्या सोळा ती आली तर बरोबर एकशेवीस भरतात. पंधरा आली तर परीक्षा पुढच्या वर्षी. मी इथे काही करू शकत नाही."

सावळीराम उभाच होता. "सर, मी उद्यापासून तिला—"

"नाही."

"फक्त फाटकापर्यंत—"

"नाही. शेजवळ, मी नऊ वर्षं पालकांना या म्हणून लिहितोय. पालक आले की हजेरी वाढते, असं मी शिक्षणाधिकाऱ्यांपुढे भाषण केलंय. तुमच्या बाबतीत मी ते परिपत्रक मागे घेतो. गायधनी, कागद द्या."

कागद आला. सर सांगत गेले, सावळीराम लिहीत गेला. अशा भाषेत लिहायची त्याला सवय होती, म्हणून वेळ लागला नाही.

हमीपत्र. मी, सावळीराम भिकाजी शेजवळ, लिहून देतो की आजपासून ३१ जानेवारीपर्यंत माझ्या मुलीच्या हजेरीच्या बाबतीत मी कोणत्याही प्रकारचे सहकार्य करणार नाही. तिला पोचवणार नाही, आणणार नाही, पत्र देणार नाही, औषध देणार नाही, शाळेच्या आवारात पाऊल ठेवणार नाही. ती गेली का, असे घरी विचारणारही नाही.

"शेवटचं वाक्य कशाला?" सावळीरामने विचारले.

"ते मी सांगितलंय," यशोधरा दाराजवळून म्हणाली.

साक्षीदार म्हणून तिनेच सही केली. फुगलेल्या हाताने, म्हणून सही जरा मोठी आली.

शुक्रवार ते बुधवार, ३१ जानेवारी.

हजर. हजर. (रविवार, तिळगूळ.) हजर. हजर. हजर. हजर. हजर. हजर. (रविवार.) हजर. हजर. हजर. हजर. (झेंडावंदन.) हजर. (रविवार.) हजर. हजर. हजर.

बापाच्या बाजूलाही रोज कारखान्यात हजर, पण ते आता कोणी लिहून ठेवत नव्हते.

ते सोळा दिवस सावळीरामने कसे काढले ते लताबाईलाच माहीत. संध्याकाळी तो घरी यायचा, चपला काढायचा, यशोधरा पुस्तक घेऊन बसलेली असायची. तो तिच्याकडे पाहायचा, तोंड उघडायचा, आणि म्हणायचा, "पाणी द्या कोणीतरी." सोळा दिवसांत तो माठभर पाणी प्यायला असेल. एकोणीस तारखेला पहाटे तो कामावर निघताना यशोधरा झोपेत एकदा खोकली. सावळीराम उंबऱ्यात थांबला. एक पाय आत, एक बाहेर.

"बस चुकेल," लताबाई म्हणाली.

"खोकली ती."

"माणसं खोकतात."

तो गेला. पण त्या दिवशी त्याने एक नट तीन वेळा उलटा फिरवला आणि निवृत्तीने ते कोणाला सांगितले नाही.

एकतीस तारखेला संध्याकाळी तो आला तेव्हा यशोधरा कॅलेंडरजवळ उभी होती. तिने कोपऱ्यातले शून्य खोडरबराने पुसून टाकले होते. ती चहा टाकायला गेली. सावळीराम पुन्हा पाणी प्यायला. हमीपत्राची मुदत त्या दिवशी रात्री बारापर्यंत होती, आणि लेखी दिलेला शब्द तो मोडणार नव्हता.

शनिवार, ३ फेब्रुवारी.

शाळेतून प्रगतिपुस्तक आले. यशोधराने ते त्याच्यापुढे ठेवले. उपस्थिती: १६० पैकी १२०. पात्र. गायधनी सरांचे अक्षर मोत्यासारखे होते. त्याखाली एक रकाना होता, पालकांचे सहकार्य. त्यात सरांनी लिहिले होते:

गेल्या सोळा दिवसांत अजिबात नाही. त्याबद्दल आभारी आहोत. परीक्षेपर्यंत असेच राहावे.

सावळीरामने ते दोनदा वाचले. खालच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. पालकांचा शेरा. पालकांची सही. त्याने खिशातले पेन काढले, टोपण काढले, आणि घसा साफ करून पहिल्या ओळीवर नीब टेकवले.

यशोधराने प्रगतिपुस्तक दोन बोटांनी वर सरकवले. आता नीब दुसऱ्या ओळीवर आले.

"सही तेवढी करा, नाना," ती म्हणाली. "शेरा नको."